सममिती : श्रद्धा की प्रश्न? (दुर्बल परस्परक्रियेच्या अध्यापनाची चिकित्सा)

प्रास्ताविक

पदवी वर्गासाठी लिहिलेल्या केंद्रकीय भौतिकीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत मूलकणांच्या प्रकरणाच्या शेवटी एक कोष्टक आढळते. डाव्या बाजूस ऊर्जा, संवेग, कोनीय संवेग, विद्युतप्रभार, बॅरिऑन संख्या, लेप्टॉन संख्या, विचित्रता, पॅरिटी अशा राशींची नावे असतात. वरच्या ओळीत प्रबल, विद्युतचुंबकीय आणि दुर्बल या तीन परस्परक्रिया असतात आणि चौकटींत ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लिहिलेले असते. विद्यार्थी हे कोष्टक पाठ करतो आणि परीक्षेत दिलेली प्रक्रिया शक्य की अशक्य, हे ओळखून गुण मिळवितो. दुर्बल परस्परक्रियेच्या स्तंभात ‘नाही’ अधिक असतात, एवढेच त्याच्या स्मरणात उरते.

प्रस्तुत लेखात या कोष्टकाची चिकित्सा करावयाची आहे. कोष्टक चुकीचे आहे असे म्हणणे नाही. आक्षेप असा की, त्यातील ‘होय’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो : प्रयोगाने तपासून खरे ठरलेले विधान आणि कोणी तपासलेच नाही म्हणून खरे धरलेले विधान. दुर्बल परस्परक्रियेचा इतिहास हा मुख्यतः या दोहोंतील फरक उमगण्याचा इतिहास आहे, आणि नेमका तोच आपल्या अध्यापनातून गळून पडतो. हा प्रश्न केवळ भौतिकीच्या अध्यापकांचा नाही. गृहीत आणि सिद्ध यांची सरमिसळ प्रत्येक विद्याशाखेत होत असते. म्हणून अन्य विषयांच्या प्राध्यापकांनाही ही चर्चा परकी वाटू नये.

आरसा, सोंड आणि भोवरा

‘सममिती’ हा शब्द उच्चारताच रांगोळी, मंदिराचा तलविन्यास किंवा येवल्याच्या पैठणीचा काठ डोळ्यांपुढे येतो आणि शब्दाला सौंदर्याचा रंग चढतो. भौतिकीतील अर्थ मात्र वेगळा आहे. तेथे सममिती वस्तूची नसून नियमाची असते. एखादा विशिष्ट बदल केल्यानंतरही निसर्गनियम जसेच्या तसे राहतात, असे ते विधान असते.

हा भेद घरातील उदाहरणाने स्पष्ट होतो. डाव्या सोंडेच्या गणपतीची मूर्ती आरशासमोर ठेवली असता प्रतिमेत सोंड उजवी दिसते. म्हणजे मूर्ती स्वतः आरशाच्या दृष्टीने सममित नाही. परंतु मूर्तिकाराला दोन्ही प्रकारच्या मूर्ती घडविता येतात. उजव्या सोंडेच्या मूर्ती कमी आढळतात त्या प्रथेमुळे, मातीच्या गुणधर्मामुळे नव्हे. पॅरिटीचे विधान याच स्वरूपाचे आहे : निसर्गात जी प्रक्रिया घडते, तिची आरशातील प्रतिमाही तितक्याच सहजतेने घडू शकते. (काटेकोरपणे पाहता पॅरिटी म्हणजे तिन्ही अक्षांचे व्युत्क्रमण होय, ते आरशातील परावर्तन आणि एक परिवलन यांच्या बरोबरीचे असल्याने आरशाचा दाखला पुरेसा ठरतो.)

येथे पाठ्यपुस्तकांतील एका सरधोपट वाक्याची दखल घेतली पाहिजे. प्रत्येक अक्षय्यतेच्या नियमामागे एक सममिती असते, असे सांगून १९१८ मधील एमी नोएथर यांच्या प्रमेयाचा उल्लेख केला जातो आणि त्याच दमात पॅरिटीही त्यात समाविष्ट केली जाते. नोएथर यांचे प्रमेय अखंड बदलांविषयी आहे : स्थळ थोडे सरकविणे, काळ थोडा पुढे नेणे, अक्ष थोडा फिरविणे. आरशात ‘थोडे’ परावर्तन करता येत नाही. पॅरिटी ही खंडित सममिती असून पुंजयामिकीत तिला स्वतंत्र स्थान आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर असलेला आपला विश्वास पॅरिटीला उसना देता येत नाही. १९५६ पर्यंत मात्र तो बहुतेकांनी नकळत दिला होता.

न विचारलेला प्रश्न

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात वैश्विक किरणांच्या आणि त्वरणकांच्या प्रयोगांत दोन कण आढळत होते. एकाचा क्षय दोन पायॉनांत होत असे, त्याला थीटा म्हणत. दुसऱ्याचा तीन पायॉनांत होत असे, त्याला टाउ म्हणत. दोहोंचे वस्तुमान आणि आयुष्य मोजमापाच्या मर्यादेत सारखे होते. परंतु अंतिम अवस्थांची पॅरिटी विरुद्ध येत असल्याने ते एकच कण असू शकत नाहीत, असे मानावे लागे.

त्सुंग-दाओ ली आणि चेन निंग यांग यांनी १९५६ मध्ये जे केले ते वरकरणी साधे होते. त्यांनी उपलब्ध प्रयोगांची छाननी केली आणि त्यांतील कोणता प्रयोग पॅरिटीची खरोखर परीक्षा घेतो, हे विचारले. प्रबल आणि विद्युतचुंबकीय परस्परक्रियांसाठी पुरावा भरपूर होता. दुर्बल परस्परक्रियेसाठी तो नव्हताच. बीटा क्षयावर कितीतरी प्रयोग झाले होते. पण पॅरिटी भंगली असती तरी त्यांचे निष्कर्ष बदलले नसते, कारण त्यांत मोजलेली एकही राशी आरशात चिन्ह बदलणारी नव्हती.

चिएन-शिउंग वू यांनी वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने अशी राशी मोजली. कोबाल्ट-६० ची केंद्रके निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे एक शतांश केल्विन तापमानापर्यंत थंड करून त्यांची परिवलने एका दिशेस लावली आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूस अधिक जातात हे पाहिले. वर्गात हे समजाविण्यास भोवरा पुरतो. उभ्या आरशासमोर फिरणाऱ्या भोवऱ्याची फिरण्याची दिशा प्रतिमेत उलटते; मात्र वर जाणारी वस्तू प्रतिमेतही वरच जाते. म्हणून परिवलनाच्या सापेक्ष इलेक्ट्रॉन एकाच बाजूस अधिक जात असतील, तर प्रक्रिया आणि तिची प्रतिमा यांत फरक पडतो. १९५७ च्या आरंभी निष्कर्ष स्पष्ट झाला : इलेक्ट्रॉन परिवलनाच्या विरुद्ध दिशेस अधिक जात होते. नमुना काही मिनिटांत उबदार होऊन परिवलनांची मांडणी विस्कटली की ही विषमताही नाहीशी होत असे. हा तपशील पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिला जातो; वास्तविक परिणाम उपकरणाचा नसून केंद्रकांचाच आहे, याची खात्री त्यानेच पटते.

आणखी एक गोष्ट कोष्टकात मावत नाही. १९२८ मध्ये कॉक्स, मॅकइलरेथ आणि कुरेलमेयर यांनी बीटा किरणांच्या दुहेरी विकिरणात डावे-उजवे असमानता नोंदविली होती. प्रश्नच पुढे आलेला नसल्याने त्या निरीक्षणाला अर्थ लाभला नाही. पॅरिटीभंगाशी त्याचा संबंध फार उशिरा ओळखला गेला. पुरावा हाती असूनही प्रश्नाअभावी तो पुरावा ठरला नाही, हे संशोधनपद्धती शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाने सांगण्यासारखे आहे.

मुंबईहून गेलेला विद्यार्थी

या कथेचा पुढील भाग आपल्या राज्याशी जोडलेला आहे. केरळातील पल्लम येथे १९३१ मध्ये जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन १९५२ ते १९५५ या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि तेथून ते अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट मार्शक यांच्याकडे संशोधनासाठी गेले. पॅरिटी भंगते हे ठरल्यानंतरचा प्रश्न असा होता की, सर्व दुर्बल प्रक्रियांना एकच सूत्र लागू पडते काय? सुदर्शन आणि मार्शक यांनी १९५७ मध्ये ‘व्ही-ए’, म्हणजे सदिश वजा अक्षीय सदिश, हे रूप मांडले.

अडचण अशी होती की, त्या वेळचे चार प्रायोगिक निष्कर्ष या रूपाशी विसंगत होते. हेलियम-६ च्या क्षयातील कोनीय सहसंबंध त्यांपैकी एक होता. पायॉनाचा इलेक्ट्रॉनात होणारा क्षय हा दुसरा. ‘व्ही-ए’नुसार तो अल्प प्रमाणात घडावयास हवा होता आणि तोवरच्या मोजणीत तो दिसलाच नव्हता. उभयतांनी हे चारही प्रयोग पुन्हा करावेत असे सुचविले. पुढे ते प्रयोग सिद्धांताच्या बाजूने लागले. १९५८ मध्ये सर्न येथे पायॉनाचा इलेक्ट्रॉनात होणारा क्षय आढळला; त्याचे प्रमाण सुमारे आठ हजारांत एक असे आहे. त्याच वर्षी गोल्डहाबर, ग्रॉडझिन्स आणि सन्यार यांनी न्यूट्रिनो डावखुरा असल्याचे दाखविले. गणपतीच्या उपमेत सांगावयाचे तर दुर्बल परस्परक्रियेने घडविलेला प्रत्येक न्यूट्रिनो आजवर डाव्या सोंडेचाच आढळला आहे. त्याची आरशातील प्रतिमा या कार्यशाळेत घडतच नाही.

सुदर्शन यांची कथा आपल्याकडे सहसा हुकलेल्या नोबेलची कथा म्हणून सांगितली जाते. या तक्रारीस आधार आहे. फाइनमन आणि गेल-मान यांचा याच सूत्रावरील निबंध जानेवारी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुदर्शन-मार्शक यांचे विवेचन सप्टेंबर १९५७ च्या पादुआ-व्हेनिस परिषदेत सादर होऊनही छापील रूपात उशिरा वाचकांपर्यंत पोहोचले. फाइनमन यांनी पुढे त्यांचे अग्रश्रेय मान्य केले. तथापि वर्गात केवळ अन्याय सांगून थांबल्यास या घटनेतील वैज्ञानिक धैर्य झाकले जाते. सव्वीस वर्षांच्या संशोधकाने प्रस्थापित मोजमापांविरुद्ध उभे राहून ‘सिद्धांत सुंदर आहे, म्हणून खरा’ असे म्हटले नाही. कोणते प्रयोग पुन्हा करावे लागतील, याची यादी दिली. सिद्धांत खोटा ठरण्याची वाट त्याने स्वतः मोकळी ठेवली. विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावयास हवे ते हे.

कोलारच्या खाणीतील दोन प्रयोग

टाटा संस्थेचा या विषयातील दुसरा सहभाग कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत घडला. वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो पकडावयाचे, तर इतर कण गाळून टाकणारा खडकाचा जाड थर डोक्यावर असावा लागतो. सुमारे २३०० मीटर खोलीवर टाटा संस्था, ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठ आणि जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ यांच्या गटाने १९६५ मध्ये असे न्यूट्रिनो टिपल्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही तसेच यश मिळाले. या वेळी निबंध छापून येण्यात कोलारचा गट किंचित पुढे होता.

दुसरा प्रयोग अधिक बोधप्रद आहे. १९७० च्या दशकात मांडलेल्या महाएकीकरण सिद्धांतांनुसार बॅरिऑन संख्येची अक्षय्यता परिपूर्ण नसून प्रोटॉनचाही कधीतरी क्षय व्हावयास हवा. म्हणजे १९५६ च्या नेमकी उलट परिस्थिती होती : तेव्हा सममिती अभंग असल्याची समजूत होती, आता ती भंगेल अशी अपेक्षा होती. कोलार येथे लोखंडाचा सुमारे १४० टनांचा शोधक उभारून भारतीय-जपानी गटाने १९८० पासून हा शोध आरंभिला आणि प्रोटॉनक्षयाशी जुळतील अशा काही घटना नोंदविल्या. अमेरिका आणि जपानमधील पाण्याच्या मोठ्या शोधकांत त्यांना दुजोरा मिळाला नाही. वातावरणातील न्यूट्रिनो शोधकात आदळून प्रोटॉनक्षयाचा आभास निर्माण करू शकतात, हीच या प्रयोगांची मुख्य अडचण असते. पहिल्या प्रयोगात जे साध्य होते, तेच दुसऱ्यात व्यत्यय ठरले. जपानमधील सुपर-कामिओकांदेच्या निरीक्षणांनुसार प्रोटॉनचा पॉझिट्रॉन आणि उदासीन पायॉन यांत क्षय होत असल्यास त्याचे आयुष्य १० च्या ३४ व्या घाताइतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे.

या दुसऱ्या प्रयोगाचा उल्लेख आपण टाळतो, कारण त्यात विजय नाही. परंतु सुदर्शन यांच्या यशाइतकेच कोलारचे हे अपयशही शिकविण्याजोगे आहे. सममिती टिकेल ही समजूत तपासावी लागते. ती मोडेल ही अपेक्षाही तितक्याच काटेकोरपणे तपासावी लागते. अतिसममितीविषयीही असेच म्हणता येईल. पुण्यात जन्मलेल्या आणि २०२४ मध्ये निवर्तलेल्या ज्येष्ठ कणभौतिकीतज्ज्ञ रोहिणी गोडबोले यांनी मान्युएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह २००४ मध्ये अतिसममित कणांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. हे कण असतील तर ते प्रयोगात कसे दिसतील, याची तपशीलवार मांडणी हे अशा ग्रंथाचे प्रयोजन असते. सर्नच्या महात्वरणकात ते कण अद्याप आढळलेले नाहीत. अतिसममितीच्या गणिती सौंदर्याबद्दल दुमत नसले तरी कोष्टकात तिच्यापुढे अजून ‘होय’ लिहिता येत नाही.

शब्दांची जबाबदारी

मराठीतून शिकविताना आणखी दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले स्थान ‘दुर्बल’ या विशेषणाचे. ही परस्परक्रिया मुळातच हीनबल आहे, असा ग्रह त्यातून होतो. वस्तुतः १९८३ मध्ये सर्न येथे सापडलेले तिचे वाहक कण अतिशय जड आहेत : डब्ल्यू कण प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट, तर झेड कण सुमारे ९७ पट. या जडपणामुळे तिचा पल्ला तोकडा राहतो आणि कमी ऊर्जेला तिचा प्रभाव क्षीण भासतो. सूर्यातील ऊर्जानिर्मितीचे पहिले पाऊल, दोन प्रोटॉनांपासून ड्यूटेरॉन घडणे, याच परस्परक्रियेवर अवलंबून आहे. ते पाऊल संथ असल्यानेच सूर्य अब्जावधी वर्षे तेवत राहू शकतो.

दुसरे स्थान ‘भंग’ या शब्दाचे. मराठीत भंग हा व्रताचा, शिस्तीचा किंवा वचनाचा होतो. त्यात दोष अभिप्रेत असतो. पॅरिटीचा भंग झाला म्हणजे निसर्गाने काही मोडले, असे विद्यार्थ्यास वाटते. निसर्गाने काहीही मोडलेले नाही. आपण त्याच्यावर लादलेले विधान त्याने नाकारले, एवढेच. शब्द बदलण्याचा आग्रह येथे नाही, कारण तो रूढ झाला आहे. अर्थ मात्र अध्यापकाने स्पष्ट करावयास हवा.

एक आक्षेप आणि एक सूचना

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. पदवी अभ्यासक्रमात मूलकणांच्या वाट्याला मोजक्या तासिका येतात. इतिहास सांगत बसल्यास अभ्यासक्रम केव्हा पूर्ण होणार? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु येथे इतिहासाचे स्वतंत्र प्रकरण सुचवावयाचे नाही. सूचना एवढीच की, त्याच कोष्टकात प्रत्येक उत्तरासमोर आणखी तीन गोष्टी लिहाव्यात : कोणत्या प्रयोगाने, कोणत्या वर्षी आणि किती अचूकतेपर्यंत.

असे केल्याने कोष्टकाचे स्वरूप बदलते. दुर्बल स्तंभातील पॅरिटीसमोर ‘नाही, कोबाल्ट-६०, १९५७’ येते. प्रभार-संयुग्मन आणि पॅरिटी यांच्या संयुक्त सममितीसमोर ‘नाही, केऑन, १९६४’ येते आणि त्यापुढे हा परिणाम दीर्घायुषी केऑनच्या हजार क्षयांत सुमारे दोन इतका अल्प असल्याची नोंद होते. २००१ मध्ये बी-मेसॉनांत तो आढळला. तो दाखविणाऱ्या जपानमधील बेल प्रयोगात टाटा संस्थेचा गटही सहभागी होता. २०२५ मध्ये सर्न येथे बॅरिऑनांच्या क्षयातही तो दिसला. बॅरिऑन संख्येसमोर ‘आजवर होय’ लिहावे लागते आणि सोबत सुपर-कामिओकांदेची मर्यादा येते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ लेप्टॉन संख्येच्या ओळीत दिसतो. इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाउ या तीन वंशांच्या लेप्टॉन संख्या स्वतंत्रपणे अक्षय्य असतात, असे विधान जुन्या पाठ्यपुस्तकांत आहे आणि अनेक वर्गांत आजही तसेच उतरवून घेतले जाते. सुपर-कामिओकांदेने १९९८ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्यात बदलत असल्याचा पुरावा दिला आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक याच विषयास मिळाले. म्हणजे न्यूट्रिनोंच्या बाबतीत त्या ओळीतील ‘होय’ कालबाह्य आहे. १९५६ पूर्वीचे पॅरिटीचे ‘होय’ आणि आपल्या टिपणवह्यांतील हे ‘होय’ यांत तत्त्वतः फरक नाही; दोन्ही पुन्हा न विचारल्यामुळे टिकलेली आहेत. प्रयोगाचे नाव आणि वर्ष लिहिण्याची सवय असती, तर ही चूक अध्यापकाच्या स्वतःच्या नजरेस आली असती.

समारोप

दुर्बल परस्परक्रियेच्या इतिहासातून ‘निसर्ग सममितीप्रिय आहे’ किंवा ‘निसर्गाला सममिती मान्य नाही’ यांपैकी कोणताही सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक सममिती प्रत्येक परस्परक्रियेसाठी स्वतंत्रपणे विचारावयाचा प्रश्न आहे. ली आणि यांग यांनी तो विचारला, वू यांनी त्याचे उत्तर मिळविले, सुदर्शन आणि मार्शक यांनी उत्तराचे सूत्र देऊन ते तपासण्याची मागणी केली आणि कोलारच्या संशोधकांनी अपेक्षेविरुद्ध उत्तर येण्याची जोखीम पत्करली.

जिल्ह्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत कोबाल्टची केंद्रके शतांश केल्विनपर्यंत थंड करणे शक्य नाही. त्यासाठी लागणारी साधने आपल्याकडे नाहीत आणि नजीकच्या काळात येण्याचा संभवही नाही. परंतु फळ्यावरील कोष्टकात ‘होय’ लिहिताना ‘हे कोणी आणि केव्हा तपासले?’ असे विचारण्यास कोणतेही अनुदान लागत नाही. विद्यार्थ्याने हा प्रश्न आपल्याला विचारावा, अशी अपेक्षा असेल, तर तो प्रथम अध्यापकाने स्वतःच्या टिपणवहीस विचारला पाहिजे.